उद्घाटनाच्या करवंट्या

एका जंगलात, मुलांनो, एक नगरपालिका होती. हसू नका. जंगलात वाघ असतो हे तुम्ही न बघता मानता, मग नगरपालिका मानायला तुमचं काय जातं?

नगराध्यक्ष होता गवा. अंगाने मोठा, मनाने चांगला आणि उद्घाटनांचा भारी हौशी. त्या साली डास फार झाले, तशी गव्याने कंबर कसली. एका सोमवारी धूर फवारायचं यंत्र आलं. पुढच्या सोमवारी डबक्यात सोडायचे गप्पी मासे आले. त्यापुढच्या सोमवारी जनजागृतीची फेरी निघाली. असं दर सोमवारी काही ना काही निघत राहिलं. दर वेळी गव्याने कचेरीपुढच्या दगडावर नारळ फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं. करवंट्या मात्र टाकायच्या नाहीत, असा नियम होता. हेडक्लार्क वानर त्या कुंपणापाशी ओळीने उताण्या मांडून ठेवी. कार्यक्रम झाल्याचा पुरावा नको का?

पावसाळा होता. करवंट्या भरल्या. पुढचं तुम्ही शाळेत शिकला आहात.

कुंपणाला लागूनच ठकूबाई सशिणीचं घर होतं. तिची लेक गुंडी आठ दिवस तापाने फणफणली होती. गवताला तोंड लावत नव्हती. ठकूबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

धोंडू मुंगूस दर आठवड्याला यायचा. डासांच्या अळ्या मोजायला पालिकेने त्याला ठेवलं होतं. हातात पळी, काखेत वही. तो पाणी बघायचा, अळ्या मोजायचा आणि आकडा लिहायचा. पाणी ओतायचा नाही. ओतणं दुसऱ्या खात्याकडे होतं आणि ते खातं अजून मंजूर व्हायचं होतं.

"धोंडूभाऊ, मी घरात थेंब साठू देत नाही," ठकूबाई म्हणाली. "मग हे मेले डास येतात कुठून?"

धोंडूने मान खाली घातली. "ताई, सगळ्यात जास्त अळ्या पालिकेच्या कुंपणापाशीच आहेत. त्या करवंट्यांत."

"मग पालथ्या करा ना."

"मी साधा मोजणारा. साहेबांना विचारून बघतो."

गव्याने सगळं ऐकून घेतलं. त्याला खरंच वाईट वाटलं. "एकही करवंटी उताणी राहता कामा नये," तो म्हणाला. "करवंटी निर्मूलन मोहीम काढू. सोमवारी उद्घाटन."

सोमवारी मोहिमेचा नारळ फुटला. भाषणं लांबली, म्हणून करवंट्या पालथ्या करायचं पुढच्या सोमवारवर गेलं. वानराने ओळीत नव्या दोन वाढवल्या.

त्या दुपारी गुंडीने आईला ओळखलं नाही.  ठकूबाई सरळ कुंपणापाशी गेली आणि मागच्या पायांनी एकेक करवंटी लाथाडत सुटली. धोंडू तिथेच मोजत उभा होता.  त्याने पळी खाली ठेवली आणि शेवटच्या दोन स्वतः पालथ्या केल्या.

हळूहळू डास हटले. गुंडी उठून बसली, आईशी भांडली, खायला मागू लागली. धोंडूच्या वहीत पहिल्यांदाच शून्य आलं. तो आनंदाने कचेरीत दाखवायला गेला.

वानराने चष्मा वर केला. "तीनशेवरून एकदम शून्य? तू फिरतोस तरी का?"

"अळ्या संपल्या, साहेब."

"कशाने?"

धोंडूने खरं ते सांगितलं. मोजणाऱ्यांना ही वाईट सवय असते.

दुसऱ्याच दिवशी कचेरीवर 'करवंटी निर्मूलन मोहीम यशस्वी' असा फलक लागला. सोबत दोन कागद निघाले. मोजायला अळ्याच उरल्या नाहीत, म्हणून धोंडूला घरी बसवलं. आणि नगराध्यक्षांच्या हस्ते फुटलेल्या अठ्ठावीस करवंट्यांचा अवमान केल्याबद्दल ठकूबाईला नोटीस गेली.

नोटीस आली तेव्हा ठकूबाई घरी नव्हती. गुंडीला आजारातून उठल्यावरची भूक होती. तिने ती शिक्क्यासकट खाल्ली.

तात्पर्य : साचलेलं पाणी दिसताच ओतून टाकावं. मात्र त्याआधी ते कोणाच्या शुभहस्ते साचलं आहे, याची चौकशी करावी.