केळशीकरांचं सॅव्हाना

केळशीकर प्रवासाची तालीम घेतात. नाटकाची घेतात तशी. गेल्या सप्टेंबरात त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, मेधाला, ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये चाकांची बॅग ओढत फेऱ्या मारायला लावल्या. स्वतः ते एका रिकाम्या ट्रॉलीला टेकून आमची चाल बघत उभे होते. भाजीच्या पिशव्या डिकीत ठेवता ठेवता लोक आमच्याकडे बघत होते. ओळखीच्या एक बाई गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "गाडी सापडत नाहीये का?"

"नाही हो," मेधा म्हणाली, "आम्ही सॅव्हानाला आलोय."

केळशीकर अमेरिकेत एडिसनमध्ये आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. साठीला टेकलेले, उंच, किडकिडीत. एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतात, बहुतेक घरूनच. पायात बारा महिने पांढरे कॅनव्हासचे बूट. आमच्याकडे माणसं कोपऱ्यावर दूध आणायलाही गाडी काढतात. केळशीकर मात्र सगळीकडे पायी जातात. फूटपाथ मध्येच संपतो, तिथून लोकांच्या लॉनच्या कडेकडेने चालतात. एकदा पोलिसाने गाडी थांबवून त्यांना विचारलं, काही मदत हवी का, घर विसरलात का. केळशीकरांनी उलट त्यालाच विचारलं, तुम्ही शेवटचं कधी चालला होतात? तो बिचारा विचारात पडला. मग दोघं पोलिसाच्या पाठदुखीवर बराच वेळ बोलत उभे होते.

गाडीतून फिरणाऱ्या सगळ्या मनुष्यजातीला ते 'चाकवाले' म्हणतात. "चाकवाल्यांना गाव दिसत नाही हो सबनीस, फक्त सिग्नल दिसतात." आणि कुठल्याही प्रश्नावर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "पायांना विचारा." हॉटेल कुठलं घेऊ? पायांना विचारा. मुलाने कॉलेजात कुठला मुख्य विषय घ्यावा? तेही पायांनाच.

दुसऱ्यांच्या सहली आखणं हा त्यांचा छंद. कोणी सांगायची गरज नसते. मंडळाच्या जेवणात पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाने 'लाँग वीकेंडला कुठेतरी जावं म्हणतोय' एवढं म्हटलं, की केळशीकर पुरी ताटात ठेवून त्याच्याकडे वळतात. "दोघंच ना? मग पायी फिरण्यासारखं गाव घ्या. जोडप्याचं खरं बोलणं चालताना होतं. समोरासमोर बसलं की माणसं मेनूकार्ड वाचतात." शास्त्र त्यांचं पक्कं आहे. दमलेली बायको 'दमले' म्हणत नाही, दुकानात शिरते. दमलेला नवरा 'दमलो' म्हणत नाही, फोटो काढायला थांबतो. म्हणून रस्ता असा आखायचा की दुकान आणि फोटो एकाच ठिकाणी यावेत.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मेधाला कुठेतरी तीन दिवस जायचं होतं, जिथे मला गाडी चालवावी लागणार नाही आणि म्हणून मी पार्किंगवरून चिडणार नाही. केळशीकरांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "सॅव्हाना."

जॉर्जियातलं हे जुनं गाव त्यांना तोंडपाठ होतं. मध्ये बाग असलेले चौकामागून चौक, वर ओकच्या फांद्या, फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ, विटांचे फूटपाथ, खाली नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. कुठल्या चौकात दुपारी सावली असते, कुठल्या बाकाची पाठ मोडली आहे, सगळं माहीत.

"किती वेळा जाऊन आलात?" मी विचारलं.

"एकदाही नाही. पण संध्याकाळी असतो तिथे."

म्हणजे कॉम्प्युटरवर. नकाशात रस्त्यांचे फोटो असतात, बाण दाबत पुढे जाता येतं, तसे केळशीकर जेवण झाल्यावर सॅव्हानात फिरायला जात. मला घेऊन गेले एकदा. एका चौकातल्या बाकावर निळा शर्ट घातलेला एक गृहस्थ बसला होता, चेहरा पुसट केलेला. "हे इथेच असतात," केळशीकर म्हणाले आणि त्याला मान लववून पुढचा बाण दाबला. मी हसलो. घरी येऊन मेधाला सांगितलं, तर ती हसली नाही.

याचं कारण सांगायला हवं. केळशीकर घरात एकटे असतात. त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, मुलीच्या बाळंतपणाला टेक्ससला, डॅलसजवळच्या फ्रिस्कोला गेल्या. ते बाळ आता शाळेत जातं. मधे दुसरं झालं, तेही बोलायला लागलं. पण आमच्यात कोणी विचारलं, तर अजूनही सगळे तेच सांगतात, वहिनी बाळंतपणाला गेल्यात. आपल्याकडे बाळंतपणापुढे कोणी प्रश्न विचारत नाही. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटलं असतं. सुरुवातीला केळशीकर जात-येत होते. मग मुलीच्या घरात आपली अडचण होते असं त्यांना वाटू लागलं. दर रविवारी व्हिडिओ कॉल होई, तेवढंच. प्रत्यक्ष भेटून दोन दिवाळ्या उलटल्या होत्या.

तिकिटं काढायच्या आदल्या दिवशी केळशीकर आमच्याकडे आले. चहा घेतला, बशी पुसून ठेवली, तरी उठेनात.

"सबनीस, एक विचारू का? आम्ही आलो तर चालेल?"

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि सुनंदा. ती डॅलसहून येईल. तुम्हाला त्रास नाही. हॉटेल वेगळं घेऊ हवं तर. तीच मागे लागलीय, सबनीसांबरोबर जाऊ म्हणून."

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोघांचे चार होणार होते. मी मेधाकडे बघितलं. ती म्हणाली, "अय्या, मग तर मजाच!"

दोन दिवसांनी हॉटेलचं विचारायला मेधाने सुनंदावहिनींना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"मेधा, अगं खरं तर मी नाहीच म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "या वयात नवरा-बायकोनं फिरायला जायचं म्हणजे जावयासमोर कसंतरी वाटतं गं. पण हे म्हणाले तुम्ही हट्टच धरलाय. वहिनी नसतील तर आम्ही वाढदिवसच कॅन्सल करतो म्हणालात?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मेधाच्या आवाजात मात्र फरक पडला नाही. "मग? कॅन्सलच करणार होतो. तुम्ही यायचंच."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "हा माणूस दोन्हीकडे खोटं बोलला."

"बोलू दे," मेधा म्हणाली. "जमलं तर बरंच आहे."

पुढचे तीन आठवडे केळशीकरांनी आम्हाला पळवलं. आखणी दोन जोडप्यांची झाली. "सुनंदाची चाल जोरात आहे बरं का. माझ्यापुढे चार पावलं असायची. मेधावहिनी, तुम्हाला वेग वाढवावा लागेल." म्हणून पार्किंग लॉटमधल्या आणखी फेऱ्या. त्यांनी नवीन कॅनव्हासचे बूट घेतले आणि ते घरात घालून मऊ केले. केस कापून आले. मी ऑडिटमध्ये आहे, दुसऱ्याचं काम तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी त्यांची सगळी आखणी नकाशावर तपासली. एकही चूक सापडली नाही.

सॅव्हानाच्या विमानतळावर आम्ही आधी पोचलो. डॅलसचं विमान उतरलं. माणसं बाहेर पडली, बॅगा पडल्या, वहिनी दिसेनात. केळशीकर टाचा उंचावून बघत होते. आणि मग विमानतळाचा एक माणूस व्हीलचेअर ढकलत आला. खुर्चीत सुनंदावहिनी, मांडीवर पर्स आणि डब्याची पिशवी.

आता हे सांगितलं पाहिजे, की आपल्याकडचे धडधाकट आईवडील विमानतळावर व्हीलचेअर सांगतात. रांग चुकते, इंग्रजी बोलावं लागत नाही. माझ्या सासूबाईंनी तर खुर्चीतून उतरून स्वतःची बॅग बेल्टवरून उचलली होती. केळशीकरांना तेच वाटलं. ते मोठ्याने हसले.

"वा! सुनंदाबाई! तुम्हीही शिकलात? उतरा आता खाली, नाटक पुरे. आपल्याला चालायचंय."

"अहो, हात द्या जरा."

"कशाला?"

"उठायला."

त्यांनी हात दिला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि सावकाश उभ्या राहिल्या. खुर्चीच्या मागे लावलेली काठी त्या माणसाने काढून दिली. केळशीकर अजून हसतच होते. ते हसू चेहऱ्यावरून कसं काढायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं. दोन्ही गुडघे."

"बोलली नाहीस मला."

"फोनवर तोंड दिसतं हो. गुडघे कुठे दिसतात?" भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तसं त्या म्हणाल्या. मग मेधाकडे वळून, "लाडू आणलेत गं. डिंकाचे."

हॉटेल गावाच्या मध्यावर होतं. दारातून बाहेर पडलं की पहिला चौक. केळशीकरांनी सांगितलं होतं अगदी तसाच, फांद्या, शेवाळ, सगळं जिथल्या तिथे. पण विटांचा फूटपाथ ओकच्या मुळांनी जागोजागी वर उचलला होता, ते फोटोत दिसत नव्हतं. वहिनी एक एक वीट बघत पाय ठेवत होत्या. केळशीकर पुढे निघत, थांबत, मागे वळत, पुन्हा पुढे निघत. शेवटी ते वहिनींच्या बाजूला आले आणि त्यांच्याकडे न बघता कोपर पुढे केलं. वहिनींनी आधी आमच्याकडे बघितलं. मेधाला लगेच समोरच्या घराच्या खिडक्या फार आवडल्या.

पहिल्याच बाकावर वहिनी बसल्या. "तुम्ही जाऊन या सगळे. मी बसते इथे."

"मीही बसतो," केळशीकर म्हणाले.

"अहो, एवढं ठरवलंत तुम्ही."

"ते सबनीस बघतील. सबनीस, तुम्ही जा. डाव्या हाताने सुरुवात करा."

आम्ही गेलो. त्यांनी म्हटलं तिथे सावली होती. दुकानही होतं आणि त्याच्याच समोर कारंजं होतं, मेधा आत शिरली आणि मी फोटो काढले. निळ्या शर्टवाल्याच्या बाकावर कोणी नव्हतं. संध्याकाळी परत आलो, तर दोघं तिथेच. केळशीकरांनी हॉटेलातून आपली बॅग आणून आडवी केली होती, त्यावर कोट घडी करून ठेवला होता आणि वहिनींचा पाय त्यावर होता. वहिनी नातवाच्या शाळेतलं काहीतरी सांगत होत्या आणि केळशीकर ऐकत होते. मधे बोलत नव्हते. मेधाने माझी बाही ओढली आणि आम्ही आणखी एक चक्कर मारून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळशीकर आमच्या दारात उभे. हातात टूर बसची चार तिकिटं. नारिंगी रंगाची, उघड्या खिडक्यांची बस, आत घंटी वाजवून विनोद सांगणारा ड्रायव्हर. मी तिकिटं उलटीपालटी करून बघितली. तेच म्हणाले, "बसची पायरी ठेंगणी आहे. मी बघून आलोय."

परतीच्या दिवशी विमानतळावर कॉफी घेताना मेधाने विचारलं, "वहिनी, एडिसनला कधी येताय आता?"

"बघू गं. सोमवारी नातवाची शाळा आहे. आणि फ्रिस्कोला मला खाली खोली आहे. आमच्या घरात निजायचं म्हणजे वर चढा."

त्यांनी ते सहज सांगितलं. केळशीकर कॉफीत साखर ढवळत होते. ढवळतच राहिले. वहिनींचं गेट एका टोकाला, आमचं दुसऱ्या. त्यांची खुर्ची गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत केळशीकर उभे होते, आणि नंतरही.

त्यानंतर दोनेक आठवडे ते दिसले नाहीत. एका शनिवारी सकाळी फोन आला, "सबनीस, पान्यांची पेटी घेऊन येता का?"

गेलो. खालच्या डायनिंग रूममधलं टेबल गॅरेजमध्ये गेलं होतं. जमीन पुसून ठेवली होती. आम्ही वरच्या बेडरूममधला पलंग सुटा केला, एकेक भाग जिन्यावरून खाली आणला आणि जोडला. मग गादी. ती जिन्याच्या वळणावर अडकली तेव्हा दोघं तिच्या दोन बाजूंना होतो, एकमेकांना दिसत नव्हतो. मी विचारलं, "वहिनी येतो म्हणाल्या का?"

"नाही," गादीपलीकडून आवाज आला. "विचारलं नाही अजून. आधी खोली तर हवी."

गादी घातली. केळशीकरांनी चादर अंथरली, कोपरे आत खोचले. मग उशा हातात घेऊन थांबले.

"ती भिंतीच्या बाजूला झोपायची. पण रात्री उठायला लागलं तर ही बाजू सोपी, नाही का? काठी कुठे ठेवते कोण जाणे." त्यांनी उशा काखेत धरून खिसा चाचपला. "विचारलं पाहिजे."

त्यांनी फोन लावला. तिकडे रिंग वाजत राहिली. आम्ही दोघं ऐकत उभे. कोणी उचलला नाही.

"मुलांना पोहायला घेऊन गेली असेल," ते म्हणाले. "कॉल बघेल आणि करेल."

मी निघायला हवं होतं, पण निघालो नाही. केळशीकर पलंगाच्या कडेला बसले, उशा मांडीवर, फोन उशांवर. मी पाने एकेक करून पेटीत ठेवत राहिलो. ठेवून झाले, तेव्हा त्यांच्याशेजारी बसलो.