एका दाराची दोन कुलपं

थोरलीने प्रार्थनेच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. ती वळते न वळते तोच धाकटीने त्याच कडीत दुसरं कुलूप अडकवलं. मला नाही तर तुम्हालाही नाही, एवढाच हिशेब.

दोघी जावांचं भांडण जुनंच. थोरली पेटीवर गाऊन प्रार्थना करायची, धाकटी डोळे मिटून गप्प बसायची, आणि घरात देवासाठी खोली एकच. थोरलीचं म्हणणं, धाकटीची ती प्रार्थना की डुलकी, ते देवालाच ठाऊक. धाकटीचं म्हणणं, एवढ्या जोरात हाक मारायला देव काय पलीकडच्या गल्लीत राहतो? त्या सकाळी थोरलीने धाकटीची बसायची गादी बाहेर टाकली, धाकटीने पेटी न्हाणीघराच्या दाराशी नेऊन ठेवली, आणि प्रकरण कुलपांवर गेलं. दोघींच्या नवऱ्यांनी अशा वेळी नेहमी करायचे तेच केलं. म्हणजे कामावर निघून गेले. धाकटीही पाय आपटत आपल्या शिवणाच्या दुकानात गेली.

दुपारी थोरलीने सासूबाईंचं ताट वाढलं, शेजारी रक्तदाबाची गोळी ठेवली आणि हाक मारली. सासूबाई खाटेवर नव्हत्या, अंगणात नव्हत्या, शेजारीही नव्हत्या. तेवढ्यात कुलूपबंद दाराआडून कोणीतरी खोकलं.

सासूबाई रोज त्या खोलीत दारामागच्या खुर्चीत जप करत बसायच्या, आणि जप संपेपर्यंत कुणाला हाक मारायच्या नाहीत. सकाळी दोघींनी एकमेकींकडे डोळे वटारून इतकं पाहिलं होतं, की दारामागे बघायचं राहूनच गेलं.

थोरलीने आपलं कुलूप काढलं. दार ढिम्म. आता धाकटीला फोन करायचा म्हणजे नाक मुठीत धरून शरण जायचं. पण गोळीची वेळ टळत होती. आई आत अडकल्यात, किल्ली घेऊन ये, एवढंच तिने सांगितलं. धाकटी मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून धावत आली.

"दाराआड बघायचं नाही का, ताई?"

"तू बघितलंस?"

"आधी कुलूप तुम्ही लावलंत."

"आणि तुझं काय शोभेला होतं?"

भांडणाच्या नादात धाकटी किल्ली उलटीच घालत होती, ती कुलपात जाईना. थोरलीने तिचं मनगट धरून वळवलं, तेव्हा कुठे कुलूप निघालं.

सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. गोळी घेतली, पाणी प्यायल्या आणि रिकामं भांडं थोरलीच्या हातात आदळलं.

"मला विसरलात ते सोडा. देवालाच कोंडून ठेवलंत, मग हाक कुणाला मारणार होतात गं? एकीचं तो गाण्यातून ऐकतो, एकीचं गप्प बसण्यातून. त्याची तक्रार नाही. तुमचीच मेली रोजची कटकट."

मग सासूबाईंनी दोन्ही कुलपं जप्त करून फर्मान काढलं. उद्यापासून धाकटीने पेटीवर गायचं आणि थोरलीने गादीवर गप्प बसायचं.

"हे काही बरोबर नाही, आई," दोघी एकदमच म्हणाल्या. शब्द तेच, सूरही तोच.

दोघींनी दचकून एकमेकींकडे पाहिलं.

"बरोबर बोलतेय ती," थोरली म्हणाली.

"ताईंचंही बरोबरच आहे," धाकटी म्हणाली.

सासूबाईंचा राग काही उतरला नव्हता. तशाच रागात त्यांनी वर पाहून हात जोडले.

"सकाळपासून एवढंच मागत होते, दोघींचं एकदा तरी एकमत होऊ दे. माझ्याविरुद्ध होऊ दे, असं नव्हते म्हणाले. पण असू दे. ऐकलंस."