मायावनात चार जण

नानाजी सोनकुसरे यांना कोरा रकाना बघवत नसे. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाचा हा दोष म्हणा किंवा गुण म्हणा. गांधीबागेत पंचे घ्यायला गेले असताना दुकानदारानं त्यांच्या हातात एक कुपन ठेवलं. शहराबाहेरच्या मोठ्या मनोरंजन पार्कात 'मायावन' नावाचा नवा विभाग सुरू होणार होता आणि उद्‍घाटनाआधी काही निवडक कुटुंबांना तो दाखवणार होते. कुपनावर कुटुंबातल्या सदस्यांच्या नावांसाठी चार रकाने होते. पहिल्यात नानाजींनी स्वतःचं नाव लिहिलं. मग पेन जरा घुटमळलं. बायको अनुसया जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा पंकज आणि सून रुचिका बंगळुरात होती. पण रेशनकार्डावर हीच चार नावं याच क्रमानं होती, आणि हाताला सवय होती. हातानं चारही रकाने भरून टाकले.

आठ दिवसांनी मोबाइलवर संदेश आला. 'अभिनंदन! सोनकुसरे कुटुंबाची निवड झाली आहे.'

नानाजींनी पंकजला फोन लावला.

"अरे, तुम्ही जाऊन या ना पप्पा," पंकज म्हणाला. "मस्त एन्जॉय करा."

"चौघांचा पास आहे गा."

"मग शेजारचं कोणी घेऊन जा. पप्पा, मी मीटिंगमधी आहे, करतो संध्याकाळी फोन."

नानाजी राहत त्या हुडकेश्वरच्या नव्या वस्तीत शेजारी होते, पण ते गाडीतून उतरून थेट लिफ्टमध्ये शिरणारे. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर नानाजींनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता. दिवस अजून एवढा मोठा उरलेला पाहून त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला आणि निघाले.

मायावनाच्या दाराशी पाठीला फुलपाखराचे पंख लावलेली रोशनी नावाची मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"वेलकम काकाजी! चार मेंबर ना? बाकीचे कुठं आहेत?"

नानाजींच्या मागं मोठी रांग होती. रांगेत कोणीही एकटं नव्हतं. इतक्या लोकांसमोर खरं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

"येऊन राहिले मागून," ते म्हणाले.

"ठीक आहे, पट्टे तुम्हीच ठेवा मग." तिनं मनगटात घालायचे चार रबरी पट्टे मशीनवर टेकवले. टिंग, टिंग, टिंग, टिंग. पडद्यावर नोंद झाली की सोनकुसरे कुटुंबातले चारही जण आत गेले. नानाजींनी एक पट्टा हातात घातला आणि तीन खिशात टाकले.

आत भर दुपारी रात्र होती. वर हजारो तारे लुकलुकत होते, कुत्र्याच्या छत्र्या घराएवढ्या वाढून निळ्या उजेडात चमकत होत्या आणि धबधबा वरून खाली पडायच्या ऐवजी खालून वर चढत होता. मुकुट घातलेली एक वनराणी पुढे आली.

"हे यात्रिका! कोणत्या राज्यातून आलास?"

"हुडकेश्वर," नानाजी म्हणाले.

वनराणी क्षणभर गडबडली, मग तिनं काठीनं पुढचा रस्ता दाखवला. रस्त्यावर एक दगडी दरवाजा होता आणि त्याला म्हाताऱ्याचं तोंड होतं. पट्ट्यावरचं नाव ओळखून तो प्रत्येकाचं स्वागत करत असे. नानाजी जवळ जाताच दगडाचे ओठ हलले.

"ये, नानाजी! ये, अनुसया! ये, पंकज! ये, रुचिका!"

नानाजी जागीच थांबले. अनुसयाचं नाव इतक्या मोठ्यानं, इतक्या थाटात कोणी घेतल्याला किती दिवस झाले होते! घरात तर घेणारंच कोणी नव्हतं. ते आत गेले, बाजूच्या वाटेनं वळून परत आले आणि पुन्हा दारासमोर उभे राहिले.

"ये, नानाजी! ये, अनुसया!"

चौथ्या खेपेला मात्र मागून एक किंचाळी आली.

"आई! ह्या आजोबांसोबत भुतं आहेत! दरवाजा चार नावं घेते अन् एकच माणूस जाते!"

त्या पोरीची आई नानाजींकडे बघायला लागली. बापानं पोरीला उचलून घेतलं. नानाजी कसनुसं हसले आणि भरभर पुढे गेले. पुढे एक अवाढव्य इच्छावृक्ष होता. लोक त्याच्या फांद्यांना रंगीत फिती बांधून काहीबाही मागत होते. पुढच्या दारानंही ही तीन नावं घेतली तर आपली शोभा होईल, या भीतीनं नानाजींनी खिशातले तिन्ही पट्टे काढले आणि फितींच्या गर्दीत एका फांदीला अडकवून टाकले. मागायचं काही सुचलं नाही. त्यांनी नुसता नमस्कार केला.

तासाभरानं ते बाहेर पडायच्या फाटकाशी आले. हातातला पट्टा मशीनला टेकवला. मशीन लाल झालं. 'कुटुंब अपूर्ण,' असं त्यावर लिहून आलं. फाटक उघडलं नाही.

एव्हाना रोशनी या फाटकावर आली होती. तिनं विचारलं, "काकाजी, फॅमिली कुठं आहे?"

"पोरी, तू मले जाऊ दे. ते नाहीत."

"नाहीत म्हणजे? सापडत नाहीत?" तिनं घाबरून मॅनेजरला बोलावलं.

मॅनेजरचं नाव सौरव. तिशीचा, टाय लावलेला, सकाळपासून न जेवलेला. पार्कचे मालक त्याच दिवशी पाहणीला येणार होते. त्यानं पडद्यावर नकाशा उघडला. इच्छावृक्षावर तीन लाल ठिपके होते.

"हे तिघं पाऊण तासापासून एकाच जागेवर आहेत," सौरवचा आवाज उतरला. "हलूनच नाही राहिले. काकाजी, तुम्ही त्यांना शेवटचं केव्हा पाहिलं?"

नानाजी आज एकदाच खोटं बोलले होते आणि तेही नीट जमलं नव्हतं. त्यांनी सरळ सांगून टाकलं. "पंकज-रुचिकाले मागच्या दिवाळीत."

सौरवनं रोशनीकडे पाहिलं. मग तिला बाजूला घेऊन, पण नानाजींना स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात तो म्हणाला, "विसरतात वाटते काकाजी. म्हणजे घरचे पक्के आत आहेत. एवढ्या वयाच्या माणसाले कोणी एकटं पाठवते का?"

"अन् काकूजी?" सौरवनं अगदी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं. "काकूजी कुठं गेल्या?"

नानाजींना तो शब्द कधीच सरळ उच्चारता येत नसे. त्यांनी बोट आकाशाकडे केलं. "वर गेली ती."

"वर?" सौरव ओरडला. "झाडावर? अरे, झाडावरचा जिना तर अजून पक्का नाही केला! रोशनी, लाइट लाव! सगळे लाइट लाव!"

"तसं नाही गा, ऐकून तर घे..." नानाजी म्हणाले. पण सौरव पळाला होता.

खट्‌ खट्‌ आवाज करत मोठे दिवे लागले आणि मायावनातली रात्र संपली. तारे विझले. वर पत्र्याचं छत आणि एसीचे पाइप दिसू लागले. धबधबा चढता चढता मध्येच थांबला. इच्छावृक्षाच्या पोटातलं दार उघडून दोन वायरमन आत शिरले, पण तिथं कोणी नव्हतं. अर्धा राक्षस, म्हणजे सोंगाचं मुंडकं काखेत घेतलेला एक घामाघूम तरुण, झुडपांमागं वाकून बघत होता. आणि सगळीकडे लावलेल्या भोंग्यांतून रोशनीचा आवाज घुमू लागला.

"अनुसया नानाजी सोनकुसरे, आपण जिथं असाल तिथून बाहेर पडायच्या फाटकाजवळ यावं. आपले यजमान आपली वाट पाहत आहेत."

लोक जमले. कोणी पातळाचा रंग विचारला, कोणी उंची. एका बाईनं "अनुसयाबाई! ओ अनुसयाबाई!" अशी हाक मारली, मग दुसरीनं मारली, मग वनराणीनं मुकुट सावरत मारली. पत्र्याखाली ते नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागलं. नानाजींना खुर्चीत बसवून पाणी दिलं होतं. ग्लास हातात धरून ते बसून राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपणही वळणाकडे बघतो आहोत. जणू खरंच कोणी येणार आहे.

"सापडल्या! सापडल्या!"

राक्षस एका बाईंना हाताला धरून घेऊन येत होता. पासष्टीच्या, जांभळं पातळ नेसलेल्या, हातात पाण्याची रिकामी बाटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"कुत्र्याच्या छत्रीखालच्या बाकावर होत्या," राक्षस म्हणाला. "विचारलं, अनुसयाबाई का तुम्ही? तर हो म्हणाल्या."

नानाजी उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ह्या नाहीत," नानाजी म्हणाले.

"काकाजी, आठवा जरा..." सौरव काकुळतीला आला होता.

"अरे बा, माझी बायको तीन वर्षांपूर्वी वारली!" नानाजींच्या तोंडून एकदाचं निघालं. "पोरगा अन् सून बंगळुरात आहेत. मी एकटाच आलो. ते पट्टे मीच झाडाले अडकवले. मले काही विसरायले होत नाही, मले सगळं ध्यानात आहे!"

टाळ्या वाजवणारे हात खाली आले. भोंग्यातला आवाज बंद झाला. गर्दी कोणी न सांगताच पांगली.

सौरव खुर्चीत बसला. "म्हणजे कोणीच हरवलं नाही," तो हलकेच म्हणाला. मग त्याला बाईंची आठवण झाली. "पण मावशी, तुम्ही काहून हो म्हणालात?"

बाईंनी बाटलीचं झाकण उगाच फिरवलं. "पाय दुखतात म्हणून पोरानं बसवलं बाकावर. येतोच म्हणाला. दोन तास झाले. मले शोधायले कोणीच आलं नाही. अन् ह्यांच्या बायकोले पाहा, राक्षससुद्धा शोधून राहिला होता. म्हटलं, घटकाभर आपणच व्हावं अनुसया."

त्यांचं नाव सुमती देशकर. रोशनीनं ते मशीनमध्ये टाकलं आणि तिचा चेहरा पडला. देशकर कुटुंबातले चारही जण सव्वातीनलाच बाहेर पडल्याची नोंद होती.

"पट्टे सुनेच्या पर्समधी होते," सुमतीबाई म्हणाल्या. "दोन गाड्या आणल्या होत्या, तिच्या माहेरचेही होते. ह्या गाडीवाल्यांले वाटलं असन मी त्या गाडीत आहे. मशीन काय, तेही घरच्यांसारखंच."

"फोन लावू का मावशी? कुपनावर नंबर आहे," रोशनी म्हणाली.

"नको. त्यांचं त्यांले समजू दे. अन् ते आले, तर मी कुठं आहे ते लगेच सांगू नको."

सौरवनं चहा पाठवला. दोघं फाटकाबाहेरच्या बाकावर, तसल्याच एका प्लास्टिकच्या मोठ्या छत्रीआड बसून राहिले.

"एकटे आले, भीती नाही वाटली?" सुमतीबाईंनी विचारलं.

"घरी एकटं बसण्यापेक्षा बरं. तुम्ही तर घरचे असून..." नानाजी बोलता बोलता थांबले.

"बोला ना भाऊ. खरं आहे ते." त्या हसल्या. "कशी होती हो तुमची अनुसया?"

हा प्रश्न तीन वर्षांत कोणी विचारला नव्हता. नानाजी सांगू लागले. ती भाजीत तिखट फार टाकायची इथून सुरुवात झाली आणि दोन कप चहा संपले तरी गोष्ट लग्नाच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच आली होती. तेवढ्यात पांढरी गाडी कचकन ब्रेक दाबून थांबली आणि एक पस्तिशीचा माणूस पळत सुटला.

"विहंग आला माझा," सुमतीबाई म्हणाल्या, आणि नानाजी हाक मारणार तोच बाईंनी त्यांना अडवलं. त्या छत्रीमागं सरकल्या. "थांबा भाऊ. थोडं शोधू द्या त्याले."

विहंग धापा टाकत नानाजींपाशी आला. "काकाजी, एक म्हातारी बाई पाहिली का इथं? जांभळं पातळ आहे, थोडी लंगडत चालते. माझी आई आहे जी."

नानाजींनी सावकाश विचार केल्यासारखं केलं. "आत पाहा ना. मोठं आहे फार."

विहंग आत धावला. थोड्या वेळानं भोंगा पुन्हा सुरू झाला. "सुमती देशकर, आपण जिथं असाल तिथून..." छत्रीमागं सुमतीबाई मान जराशी कलती करून ऐकत होत्या.

"आवाज गोड आहे हो पोरीचा," त्या म्हणाल्या. "तीनदा नाव घेऊ द्या, मग उठते."

पण तिसऱ्यांदा रोशनीचा आवाज आलाच नाही. विहंगनंच माइक हिसकावला असावा. "आई," एवढंच आलं भोंग्यातून, आणि पुढे नुसता श्वासाचा आवाज. सुमतीबाई झटकन उठल्या आणि दुखऱ्या पायानं जमेल तेवढ्या घाईनं फाटकाकडे निघाल्या.

मायलेक परत आले तेव्हा विहंगचे डोळे लाल होते आणि सुमतीबाई त्याला रागावत होत्या, पण त्याचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. गाडीत बसताना त्यांनी वळून पाहिलं.

"भाऊ, तुम्हाले न्यायले कोण येऊन राहिलं?"

नानाजींनी खिसा चाचपला आणि किल्ली वर करून दाखवली.

"माझी स्कूटर आहे ना," ते म्हणाले.