वावटळ गाडीचा पंप उतरविला, त्याची हकीकत

श्री चक्रपाणी प्रसन्न. ज्याने चक्र स्वहस्ते धरिले, पंपाचे साह्य कधी घेतले नाही, त्याचे चरणी मस्तक ठेवून हकीकत लिहिण्यास आरंभ करितो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नावच विलंबी, तेव्हा त्या साली शर्यतीत मागे पडावे यात सरकारांचा दोष तो किती, हे वाचणारांनी मनी आणावे.

ते समयी एके दौलतीत श्रीमंत तुळाजीराव सरकार राज्य करीत होते. दौलत लहान, डोंगर बहुत, आणि सरकारांस शौक एकच, की सरळ डांबरी पट्ट्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या कराव्या, दिवा हिरवा होताच सोडाव्या, आणि पाव मैलाचे अंती पुढे कोण ते पाहावे. सरकारांचे गाडीचे नाव वावटळ. तिचे इंजिन सगुणाबाईसाहेबांनी बांधिले. बाईसाहेब सरकारांच्या धाकट्या भगिनी, परमुलखी राहून यंत्रविद्या शिकून आलेल्या, दौलतीची रथशाळा त्यांचेच हाती, आणि नम्रता हा गुण त्यांचे ठायी कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. ऐशी गाडी, ऐसे इंजिन, परंतु गाडीस पॉवर स्टिअरिंग होते. म्हणजे इंजिनास पट्ट्याने जोडिलेला एक पंप, तो तेल दाबून पुढे धाडी, आणि ते तेल चाके वळवी. चालविणारास कष्ट म्हणून नाहीत. सरकारांस ही सोय फार मानवली होती. ते करंगळीने गाडी हाकीत आणि दुसरा हात मिशीस मोकळा ठेवीत.

मग मार्गशीर्षातील शर्यतीचे दिवशी शेजारील दौलतीचे निंबाजीराव आपली गाडी घेऊन आले, आणि दोन्ही गाड्या सुटल्या, आणि वावटळ पुढे निघाली, आणि प्रजेने जयजयकार केला. सरकारांनी मुजरा स्वीकारण्यास मान वळविली. मानेसंगे करंगळी वळली, करंगळीसंगे गाडी. ती पट्टा सोडून निंबाजीरावांचे फराळाचे तंबूत शिरली आणि तंबू अंगावर घेऊन पलीकडे निघाली. मनुष्यास इजा जाहली नाही. चकल्या बहुत रणी कामास आल्या. सरकार कनातीतून बाहेर पडले तो समोर निंबाजीराव उभे. ते हात जोडून बोलिले, "रावसाहेब, भूक लागली होती तर निरोप धाडायचा. आम्ही ताट पाठविले असते." हे सर्वांदेखत. सरकारांचे कान लाल जाहले, आणि रागाचे भरात ते वचन देऊन बसले, की फाल्गुनात पुन्हा शर्यत व्हावी, आणि जो हरेल त्याने आपली गाडी दुसऱ्यास द्यावी. निंबाजीरावांनी तात्काळ मान्य केले आणि जाता जाता कळविले, की वावटळ त्यांचे येथे आल्यावर तिची आबाळ होणार नाही, आत कोंबड्या ठेविल्या जातील.

दुसरे दिवशी सदर भरली. कारभारी अंतोबा, ज्यांस सरकारांची चूक कधी दिसत नसे, त्यांनी निवेदन केले की वारा आडवा होता, सूर्य डोळ्यांवर होता, आणि शत्रूने तंबूच चुकीचे जागी मारिला होता. सदरेने माना डोलविल्या. इतक्यात सगुणाबाईसाहेब रथशाळेतून तेलकट हातांनी तैशाच आल्या आणि बैठकीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी एकच पुसिले, "दादासाहेब, पणास लाविली ती गाडी तुमची होती काय?"

सरकारांनी वर छताकडे पाहिले. छताकडे पाहण्यासारखे काही नव्हते. बाईसाहेबांनी त्या इंजिनापायी दोन पावसाळे रथशाळेत काढिले होते, विवाहाचे बोलणे परत धाडिले होते, आणि एकवार हाताचे हाड मोडून घेतले होते, हे सदरेस ठाऊक होते; आणि सरकारांसही होते, म्हणोन ते छताकडे पाहात होते. मग बाईसाहेबांनीच पुढे सांगितले, की आता वचन गेले ते गेले, परंतु पंप उतरविला पाहिजे. हा पंप बसल्या जागी इंजिनाचे बळ खातो, गाडीचे नाकावर ओझे घालितो, नळ्यांतून तेल गाळितो, आणि इतके करून स्टिअरिंग ऐसे हलके करितो की चालविणारास रस्ता कळत नाही. सरकार खिन्न होऊन म्हणाले, मग चाके वळविणार कोण? अंतोबांनी दोन पहिलवान नेमण्याची तजवीज सुचविली. गाडीत आसन एकच आहे ऐसे कोणी सांगितले, तेव्हा अंतोबांनी पहिलवान लहान चणीचे घ्यावे ऐसी दुरुस्ती केली. बाईसाहेब रथशाळेकडे निघून गेल्या.

मग पंप उतरविला. पट्टा काढिला, नळ्या काढिल्या, तेलाची डबी काढिली, आणि चाके वळविणारी जी दातेरी पेटी खाली असते ती मात्र तैशीच ठेवून तिची भोके बुचांनी बंद केली. अंतोबांनी मुहूर्त पाहून खासा स्वारी रथशाळेतून देवदर्शनास निघावी ऐसे ठरविले. वाजंत्री लागली, प्रजा दुतर्फा उभी राहिली, सरकार गाडीत बसले आणि गाडी चालू लागली. देऊळ उजवे हातास. सरकारांनी करंगळी लाविली, काही जाहले नाही. मग मूठ लाविली. मग दोन्ही हात, मग खांदे, मग पाय टेकवून सर्व देह लाविला, पगडी मांडीवर आली, आणि गाडी आपली सरळ नगारखान्याकडे चालली. वरील नगारच्यांनी आपला धनी समोरून येतो ऐसे पाहून रिवाजाप्रमाणे अधिकच जोराने वाजविले. सरकारांनी ब्रेक दाबिला तेव्हा भिंत आणि गाडी यांमध्ये हात शिरेल इतकीच जागा उरली होती. अंतोबांनी तात्काळ पुकारिले, की सरकार नगारखान्याची पाहणी करण्यास पधारले आहेत. प्रजेने हसू दाबिले, परंतु सर्वांस ते साधले नाही.

सरकार त्या दिवशी जेवले नाहीत. बहिणीस बोलावून म्हणाले की पंप परत लाव, हरणे पत्करले, परंतु ऐसे हसे नको. बाईसाहेब गाडीखाली शिरल्या, बराच वेळ आत राहिल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा निराळा होता. त्या जमिनीवरच बसून म्हणाल्या, "चूक माझी आहे. पेटी पंपासाठी घडविलेली, ती पंपावाचून चालेल ऐसे मी धरून चालले. आतले तेल कोंडून बसले आहे, तुम्ही त्याच तेलाशी झुंजत होता. दुसऱ्या कोणाचे मनगट असते तरी हेच जाहले असते." सरकारांनी तिच्याकडे पाहिले. जन्मापासून तिचे तोंडून चूक हा शब्द त्यांनी ऐकिला नव्हता, आणि त्यांस तो ऐकून आपले अपमानाचा विसर पडला. ते हळूच पुसते जाहले, की निराळी पेटी मिळते काय? ती म्हणाली, मिळते. ते म्हणाले, मग लाव.

मग हाताने चालणारी निराळी पेटी आणविली. तिचे दाते ऐसे की हातातले चक्र जास्त फिरवावे लागे, परंतु जोर कमी लागे. बाईसाहेबांनी ती बसविली, पुढील चाकांची तोंडे सुतात सरळ जुळविली, चक्रही थोरले लाविले, आणि सरकारांस शिकविले, की उभ्या गाडीचे चाक फिरविण्याचा हट्ट धरू नये. आधी तिला किंचित पुढे येऊ द्यावे, मग ती आपोआप ऐकते. तरी मनगटे सरकारांची नाजूक. तेव्हा राणीसाहेबांनी त्यांस मुदपाकखान्यात बोलावून जात्याला बसविले. काही दिवस दौलतीचे बाजरीचे पीठ खासे हातचे निघाले, आणि भाकरी जाडीभरडी होत होती तरी तक्रार करण्याची कोणाची छाती जाहली नाही. अंतोबांनी यास शस्त्राभ्यास ऐसे नाव दिले.

माघ मासी एके दिवशी सरकार पट्ट्यावर सराव करून आले आणि इंजिन बंद करूनही चक्र धरून बसून राहिले. बाईसाहेबांनी कारण पुसिले. ते म्हणाले, "इतकी वर्षे मी या रस्त्यावर गाडी घातली. तो खडबडीत आहे हे आज हातांस कळले." त्या दिवसापासून दोघे संध्याकाळचा चहा रथशाळेतच घेऊ लागले.

मग फाल्गुन आला आणि शर्यतीचा दिवस आला. निंबाजीराव मोठ्या इतमामाने आले आणि सोबत एक वेताचे खुराडेही आणिले. ते सर्वांस दिसेल ऐसे पट्ट्याचे कडेस ठेविले. त्यांचे गाडीस नवा पंप बसविला होता, पहिल्याहून जोराचा, स्टिअरिंग फुंकरीने फिरावे ऐसा. दिवा हिरवा जाहला. दोन्ही गाड्या सुटल्या तो धुरात काही दिसेना, आणि मग दिसू लागले तेव्हा दोन्ही नाके बरोबरीत होती. सरकारांचे दोन्ही हात चक्रावर, मिशी वाऱ्यावर. प्रजेने जयजयकार केला, सरकारांनी ऐकिला नाही. निंबाजीरावांनी मात्र शेजारी कोण किती पुढे आहे हे पाहण्यास मान वळविली. त्यांची गाडी मधल्या रेघेकडे सरकली, त्यांनी घाबरून पाय उचलिला, आणि तेवढ्यात वावटळ नाकभर पुढे होऊन पार गेली. सगुणाबाईसाहेब कठड्यास धरून खाली बसल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, याविषयी सदरेत अद्याप दोन मते आहेत.

परंतु सरकार थांबेनात. पट्टा संपला, गाडी मंदावली, तरी ते वळून येण्याऐवजी पुढील कच्च्या वाटेने तैसेच चालते जाहले, ओढा ओलांडिला, टेकाड ओलांडिले आणि निंबाजीरावांचे हद्दीत शिरले. तेथे नाक्यावर धोंडजी नाईक नामे शिपाई एकटाच होता. लाल गाडी गर्जत येते ऐसे पाहून त्याने अडसर उचलिला, टोपी काढिली आणि शरण आला. दौलतीचे इतिहासात परमुलखातील ठाणे घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग होय, आणि तो एकट्या सरकारांचे हातून घडला. अंतोबा पुढे ही वर्दी ऐकून पट्ट्यावरच शिलालेखाचा मजकूर सांगू लागले.

सगुणाबाईसाहेब मागून जीपने पोहोचल्या तो सरकार नाक्याचे बाकावर नाइकासंगे ताक पीत बसले होते. त्यांचे तळहात सोलून निघाले होते आणि ते हात ते नाइकास कौतुकाने दाखवीत होते. बाईसाहेबांनी पुसिले, "वळता आले नाही काय?"

"आले असते," सरकार बोलिले. "वळावेसे वाटले नाही."

बाईसाहेब गाडीजवळ गेल्या आणि चाकास हात लावून उभ्या राहिल्या. इंजिन बांधिले त्यांनी, पंप उतरविला त्यांनी, पेटी बसविली त्यांनी. परंतु शर्यतीचे गाडीत बसण्याचा मान खाशांचा ऐसा दौलतीचा रिवाज, आणि तो रिवाज मोडावा ऐसे त्यांनी कधी तोंडाने म्हटले नव्हते, एरवी सर्व काही तोंडावर म्हणत असत तरीही. सरकारांनी ताकाचा पेला खाली ठेविला, शिरस्त्राण काढिले आणि बहिणीचे हाती दिले. म्हणाले, "सगुणा, माघारी तू ने. आसन एकच आहे, मी येतो मागून." त्यांनी ते घेतले, डोईस घातले, बंद आवळिला, आणि आत बसल्या. मग गाडी किंचित पुढे येऊ दिली आणि नाक्याचे अंगणात ऐसी अलगद फिरविली की नाइकाची कोंबडीसुद्धा जागची हलली नाही. टेकाडापलीकडून इंजिनाचा आवाज बराच वेळ येत होता. तो थेट पट्ट्याकडे न जाता आधी सर्व माळ फिरून गेला. जीप हाकणारा जीप घेऊन पट्ट्याकडे वर्दी देण्यास आधीच निघून गेला होता, सबब सरकार नाइकाची सायकल मागून घेऊन, सोलल्या हातांनी तिची मूठ धरून, उन्हातून राजधानीकडे कूच करते जाहले.

येणेप्रमाणे पंप उतरला, शर्यत जिंकिली, ठाणे घेतले आणि दुसरे दिवशी परत केले. निंबाजीरावांची गाडी वचनाप्रमाणे आली, ती रथशाळेत आहे, आणि तिचाही पंप काढण्याचे काम बाईसाहेबांनी चालविले आहे. सायकल पोहोचती केली. जैसे घडले तैसे लिहिले. अंतोबांनी सांगितलेला मजकूर निराळा आहे, तो शिलेवर पाहावा. इति.