पन्नास मिलिसेकंदांची समिती

माणसाची योग्यता तो किती विचार करतो यावर नव्हे, तर किती लवकर दचकतो यावर ठरते, हे आता सर्वमान्य झाले आहे. पूर्वी विचारी माणसाला मान होता. पण विचारी माणूस तोंड उघडेपर्यंत पुढचा प्रश्न येऊन गेलेला असतो, त्यामुळे त्याच्यापासून समाजाची गैरसोयच अधिक होते.

हे सत्य मला उशिरा कळले, यात माझा दोष नाही. मी एका कार्यालयाच्या आवक शाखेत सव्वीस वर्षे काढली आहेत. आमच्याकडे आलेल्या पत्राला पंचेचाळीस दिवसांत उत्तर द्यावे असा नियम आहे. पंचेचाळीस दिवसांच्या आधी देऊ नये, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. (एवढ्या अवधीत निम्म्या लोकांचे काम परस्पर होते आणि उरलेल्यांचा उत्साह जातो. दोन्हीकडून कार्यालयाचा भार हलका होतो.) अशा माणसाच्या पोटी मिलिसेकंद मोजणारी मुलगी जन्माला यावी, ही दैवाची थट्टाच म्हणायची.

आमची धाकटी बावीस वर्षांची आहे. ती संगणकावर गोळीबाराचा खेळ खेळते. पाच जणांचा एक संघ दुसऱ्या पाच जणांना एका पडक्या कारखान्यात शोधत फिरतो आणि ज्याने आधी पाहिले तो वाचतो, इतपत मला समजले आहे. याच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात आणि लोक तिकीट काढून दुसऱ्यांना खेळताना पाहतात. हे ऐकून मी मनापासून हसलो होतो. मग बायकोने आठवण करून दिली, की मी स्वतः तीस वर्षे खुर्चीत बसून फुटबॉल खेळत आलो आहे.

तर एका नावाजलेल्या संघात एक जागा रिकामी झाली. निवड चाचणी तीन आठवड्यांनी होती आणि अट एकच होती. पडद्यावर ठिपका दिसल्यापासून बोट दाबेपर्यंतचा वेळ १९० मिलिसेकंदांच्या आत हवा. धाकटीचा होता २४०. म्हणजे अडले कुठे, तर पन्नास मिलिसेकंदांवर. पापणी मिटायलासुद्धा याच्या दुप्पट वेळ लागतो.

"बाबा, ही जागा मिळाली नाही तर मी हा नाद सोडणार," ती म्हणाली. "त्या विमा कंपनीच्या फोनवर बसेन. चार वर्षं झाली, पुरे झालं."

ती हे इतक्या हळू आवाजात बोलली, की मी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. मी विचारले, "तुला काय हवंय ते सांग."

"आठ तास झोप आणि घरात शांतता. बाकीचं मी बघते."

मागणी रास्त होती, पण त्यात एक मूलभूत त्रुटी होती. तीत आम्हाला करण्यासारखे काहीच नव्हते. शांततेची नोंदवही ठेवता येत नाही. आपले लेकरू मागे पडते आहे हे दिसल्यावर नुसता गप्प बसतो तो बाप कसला? मी त्याच संध्याकाळी समिती नेमली.

समितीची रचना पुढीलप्रमाणे होती. अध्यक्ष मी. सांख्यिकी बायकोकडे, कारण ती शाळेत गणित शिकवते. तांत्रिक सल्लागार म्हणून माझा मेहुणा, जो लिफ्ट दुरुस्त करतो आणि ज्याला न बोलावताही तो आलाच असता. धाकटीला समितीत घेतले नाही. ज्याच्या भल्यासाठी समिती असते त्याला तीत घेऊ नये, एवढे मला सव्वीस वर्षांत समजले आहे.

पहिला आठवडा शास्त्रीय पद्धतीने गेला. मेहुणा शाळेची तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरी आणि न सांगता सोडी. धाकटीने ती चिमटीत पकडायची. अठ्ठावीसवर पकडली की २४० मिलिसेकंद, अठरावर पकडली की १९०. सात दिवसांत पट्टी अठ्ठावीसवरून सत्तावीसवर आली. या वेगाने आणखी नऊ आठवडे लागतील, म्हणजे निवड चाचणी सात आठवडे पुढे ढकलावी लागेल, असे सांख्यिकी विभागाने कळवले.

तेव्हा मेहुण्याने आपला सिद्धांत मांडला.

"भाऊजी, पट्टीला कोण भितं? पडली तर उचलू म्हणतो माणूस. जीव अडकलाय असं काहीतरी टाका. मग बघा हात कसा जातो."

सिद्धांत अचूक निघाला. स्टीलचा पेला सोडल्यावर वेळ आला २३६. मेहुण्याच्या मोबाइलला २२९. (हा आकडा त्याच्या मनाला लागला. त्याच्या मते निदान २०० तरी यायला हवे होते.) माझ्या चष्म्याला २१४. तिच्या आईच्या चष्म्याला २०२. आणि बायकोने लग्नात माहेरून आणलेली निळ्या काचेची बरणी सोडताच, १८६! वस्तू जितकी आईची, तितका हात वेगवान, असा नियम यातून सिद्ध झाला आणि तो वहीत लाल शाईने लिहिला गेला.

बरणीच्या वेळी आणखी एक शोध लागला. मेहुण्याने बोटे सैल करण्यापूर्वीच बायकोने "अरे नाही!" म्हणून किंकाळी फोडली. तिचा प्रतिक्रिया-काल उणे चारशे मिलिसेकंद भरला. आकडा चुकला असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला. मी "अगं, रविवारी जरा मित्रांकडे" एवढेच म्हणालो आणि "नाही" आले. उणे बाराशे. ही क्षमता तिच्यात लग्नापासून होती, फक्त मोजली गेली नव्हती.

दोन आठवड्यांत एकूण एकसष्ट वस्तू सोडण्यात आल्या. त्यांपैकी चव्वेचाळीस धाकटीने झेलल्या. उरलेल्या सतरा फरशीने झेलल्या. वस्तू कधी पडेल हे कळता कामा नये, म्हणून वेळापत्रक रद्द झाले. धाकटी दात घासताना साबणदाणी येई, जेवताना मिठाची बाटली येई. दुपारच्या डुलकीत तिचा वेळ फारच ढासळतो असे आढळल्यामुळे डुलकीतही सराव सुरू झाला. शांततेचा तिचा अर्ज विचाराधीन होताच.

वेग संसर्गजन्य असतो. बायकोने वर्गात मुलांनी गणित सोडवण्याआधी गुण द्यायला सुरुवात केली आणि ते बहुतांशी बरोबर निघाले. माझ्या हातून तर कार्यालयात एका पत्राला त्याच दिवशी उत्तर गेले. सहकाऱ्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. ज्याला उत्तर मिळाले तो गृहस्थ घाबरून दुसऱ्या दिवशी स्वतः हजर झाला आणि माझे काय चुकले, असे विचारू लागला.

धाकटी मात्र आता घरात दोन्ही हात छातीशी अर्धवट उचलून फिरत असे. भांडे वाजले की तिची बोटे मिटत. एकदा ती मेहुण्याला म्हणाली, "मामा, पुरे ना आता."

मामाने उत्तरादाखल चहाचा कप सोडला. तिने झेलला. आम्ही टाळ्या वाजवल्या, ती हसली नाही. ते माझ्या ध्यानात आले होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण त्या दिवशीचा आकडा १७१ होता. १७१ आला असताना मुलीच्या चेहऱ्याकडे कोण बघतो?

निवड चाचणी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. खाली पडद्यांच्या कापडाचे दुकान, वर दहा संगणक. नातेवाइकांना मज्जाव. (या नियमामागे काहीतरी अनुभव असावा.) ती सकाळी एकटीच गेली. आम्ही तिघे घरात बसून दाराकडे बघत राहिलो. मेहुण्याने सवयीने दोनदा पट्टी सोडली, पण ती पकडायला कोणी नव्हते.

पाच वाजता दार उघडले. धाकटी आत आली, पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे लाल होते. तिने तोंड उघडले. समितीचा सगळा सराव त्या क्षणी फळाला आला.

"मी म्हटलंच होतं, हे खेळाचं खूळ काही खरं नाही," बायको म्हणाली.

"वशिला चालला असणार!" मेहुणा म्हणाला.

"काही बिघडलं नाही, विम्याची नोकरीसुद्धा चांगलीच असते," मी म्हणालो.

तिन्ही प्रतिक्रियांना मिळून ३०० मिलिसेकंदही लागले नसतील.

धाकटीने आम्हाला संपू दिले. मग म्हणाली, "झाली निवड."

यानंतर आमच्या घरात जी शांतता पसरली ती साडेचार सेकंद टिकली. इतका वेळ आम्ही कधीच घेतला नव्हता.

"वेगाच्या चाचणीत एकशे अठ्ठावन्न आला," ती सांगू लागली. मेहुणा अभिमानाने उभाच राहिला. "मग खरा खेळ सुरू झाला. दारातून जो पहिला आला त्याला मी उडवलं. तो आमचाच कप्तान होता."

"होतं एखाद्या वेळी," मेहुणा म्हणाला.

"चार वेळा, मामा. निवड करणाऱ्या बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अगं, तो आपला आहे. मग मी हात मांडीवर ठेवले. ठरवलं, पडायचं ते पडू दे. कोणी दिसलं की आधी बघायचं कोण आहे, मगच माऊसला हात लावायचा."

"मग किती आला?" सांख्यिकी विभागाने विचारले.

"दोनशे एकतीस. पण एकही चुकला नाही. बाई म्हणाल्या, झटकन गोळी घालणाऱ्यांची रांग लागलीय माझ्याकडे. बघणारं कोणीतरी हवं होतं."

पुढल्या सोमवारपासून ती संघाच्या जागेत राहायला जाणार आहे. तिथून घर फक्त वीस मिनिटांवर आहे, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. ती म्हणाली, "माहितीय, बाबा. पण तिथं माझ्यावर कोणी काही टाकत नाही." मला फार वाईट वाटले. नवल म्हणजे मी काही बोललोही नाही, आणि ती जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

समितीने आपला अहवाल मात्र यशस्वी म्हणूनच दाखल केला आहे. तो पूर्ण होण्यापूर्वी एका शेवटच्या रकान्यासाठी आपले सहकार्य हवे आहे. या घरातला बाप मूर्ख आहे, हा निष्कर्ष आपण काढलाच असेल. तो नेमका कोणत्या ओळीला काढलात, तेवढे कळवावे. मेहुण्याच्या अंदाजाने पंचेचाळीस दिवसांची गोष्ट निघताच आपले बोट दाबले गेले होते. तसे असेल तर आपले हार्दिक अभिनंदन! एकशे अठ्ठावन्नच्या आसपास भरता आपण. फक्त आज सकाळपासून आपल्या घरात आपली गोळी कोणाकोणाला लागली, ते जरा एकदा पाहून घ्यावे.