पाचवं घर

"ताई, एकच नियम! तीन दिवस कुणाच्या दारात जायचं नाही आणि कुणाकडं काही मागायचं नाही. पीठ आपलं, पाणी आपलं, घर आपलं! ह्याला म्हणतात स्वावलंबी प्रवास!"

रणधीर हे बोलला थोरल्या बहिणीशी, पण तोंड होतं मोबाइलकडं. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं पोपटी जाकीट, आणि शेजारी एकवीस गिअरची सायकल. धाराशिवच्या त्या गल्लीत गुरुवारी सकाळी असा नवरदेव कुणी बघितला नव्हता!

रणधीर शाळेत भूगोल शिकवायचा. साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला. त्यानं सायकल घेतली, सायकलीमागून तंबू घेतला, आणि सोनारीच्या काळभैरवापर्यंत सायकलवर जायचं, वाटेत तंबूत राहायचं, असं जाहीर करून टाकलं. त्याची बायको निकिता मात्र नणंदेच्या कानाशी लागली. "वन्सं, तुम्ही जावाच ह्यांच्यासंगं. तुमच्यादेखत तरी गोडाला हात लावायचे नाहीत."

ज्ञानेश्वरीला नाही म्हणता येत नसे. शिवाय माहेरच्या काळभैरवाला आपल्या पायांच्या जोरावर जाऊन यावं, असं तिच्या मनात कधीचं होतं. लेकीला शाळेतून मिळालेली सायकल तिनं पुसून घेतली आणि पुढच्या जाळीच्या बास्केटात आपली परडी ठेवली.

"ही कशाला?" रणधीरनं विचारलं.

"उद्या शुक्रवार."

ज्ञानेश्वरीचे नेम कुणाला ऐकू जात नसत, कारण तिचं बोलणंच कुणाला ऐकू जात नसे. सोमवारी एकवेळ जेवण, शनिवारी मौन, आणि शुक्रवारी जोगवा. परडी घेऊन पाच घरं मागायची, दिवेलागणीच्या आत, तोवर अन्नाचा कण तोंडात नाही. सासूबाईंनी जाताना परडी हातात दिली, तेव्हापासून एक शुक्रवार चुकला नव्हता. टाळेबंदीत सगळं जग कडी लावून बसलं, तेव्हाही तिनं गल्लीतल्या पाच दारांशी लांबूनच पदर पसरला होता. आईच्या नावानं दुसऱ्याच्या दारात उभं राहिलं की माणसातला मीपणा गळतो, असं सासूबाई सांगायच्या.

"ते देवीचं मागणं, ते नियमात धरत नाही," रणधीर उदार होऊन म्हणाला. "पण मी दारात यायचा नाही हं! मी लांब थांबणार."

पहिला दिवस छान गेला. संध्याकाळी येडशीच्या पुढं, रामलिंगच्या अलीकडं मोकळ्या जागेत तंबू लागला. शिधा भरलेली पिशवी रणधीरनं दोरी लावून झाडाच्या उंच फांदीला टांगली.

"ती वर कशाला रे?"

"जंगलात अन्न असंच टांगतात, ताई. मी व्हिडिओ बघितलाय. अस्वल येत नाही."

"रामलिंगला अस्वल कुठलं?"

"नाही ना? मग हा बंदोबस्त किती भारी आहे बघ!"

बंदोबस्त खरंच भारी होता. अस्वल आलं नाही. माकडं आली! पहाटे ज्ञानेश्वरी उठून बघते तर फांदीवर पंगत बसलेली. त्यांना काय, ताट डोळ्यांसमोर आणून टांगल्यासारखं झालं. एक म्हातारं माकड शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटत होतं, तिखटानं डोळ्यांत पाणी आलेलं, पण डबा सोडीना.

"येडशीत दुकानं आहेत," ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली.

"दुकान म्हणजे मागणंच!"

"पैसे देऊन?"

"नियम म्हणजे नियम!"

"बरं. मग मी येडशीत पाच घरं करून येते."

"अगं, नकाशात आतला रस्ता दाखवायलाय. दुपारपर्यंत मोठं गाव लागतंय. पाच काय, पन्नास घरं कर!"

भूगोलाचा मास्तर सांगतोय म्हटल्यावर तिनं मान हलवली. तिथंच फसली.

नकाशातली रेघ आधी डांबराची होती, मग खडीची झाली, मग बैलगाडीच्या चाकोरीची, आणि शेवटी तूर पेरलेल्या शेतात शिरून दिसेनाशी झाली. तिथंच रणधीरच्या सायकलची चेन तुटली. "माझ्याकडं सगळी हत्यारं आहेत!" म्हणून तो बसला तो उन्हं कलेपर्यंत उठला नाही. उठला तेव्हा चेन जोडली होती, पण हातात तीन तुकडे उरले होते आणि ते कुठले हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

पुढं जाणं नाही, मागं जाणं नाही. मोठं गाव टेकडीपलीकडं. बांधावर, डीपीच्या खांबाजवळ तंबू लागला. समोर रानात विखुरलेली वस्ती होती. ज्ञानेश्वरीनं मोजून बघितली. पाचच घरं. एक कमी नाही, एक जास्त नाही! तिनं मनातल्या मनात आईला हात जोडले.

"हे जाकीट घाल," रणधीरनं दुसरं पोपटी जाकीट पुढं केलं. "हेल्मेट पण. वस्तीवरची कुत्री बिचकतात ह्याला."

कुत्री बिचकली. पण माणसं त्याहून जास्त बिचकली!

पहिलं घर लक्ष्मीबाईचं. म्हातारीला दिसायचं कमी, म्हणून तिथं काही बिघडलं नाही. "आई राजा उदो उदो!" ऐकताच ती सूप घेऊन बाहेर आली. परडीला हळदीकुंकू लावलं, ओंजळभर ज्वारीचं पीठ घातलं.

"पायी आलीस व्हय गं माय?"

"सायकलवर आले, आजी."

"बरं केलंस. आई वाघावर येती, पर वाघ पोसणं लई अवघड."

दुसऱ्या घरापुढं सोनाली नावाची तरणी सून धुणं वाळत घालत होती. तिनं पोपटी जाकीट बघितलं, हेल्मेट बघितलं, आणि घराकडं तोंड करून ओरडली, "आवं! आले! आकडा काढा!"

घरामागून एक माणूस उडी मारून आला आणि लांब काठीनं तारेवरचा आकडा ओढायला लागला. चोरून घेतलेली वीज अशी की, काठी लागताच घरातला पंखा, टीव्ही आणि पिठाची गिरणी एकदम गप्प!

"जोगवा वाढा माय," ज्ञानेश्वरी म्हणाली.

सोनालीनं तिच्याकडं बघितलं, मग लांब बांधाकडं. तिथं रणधीर आपली सायकल डीपीच्या खांबाला टेकवून फोटो काढत होता. वाकून, बसून, वरच्या तारांसकट.

"ते सायेब तुमचेच का?"

"हो, माझाच. त्याला फोटोचा नादच आहे. तुम्ही लक्ष देऊ नका."

सोनालीचा चेहरा पांढरा पडला. ती आत गेली आणि सूपभर शेंगदाणे, गुळाची ढेप, तुपाची बरणी असं सगळं घेऊन आली.

"अहो, एवढं कशाला? मूठभर पीठ पुरे."

"ऱ्हाऊ द्या ओ ताई," सोनाली कुजबुजली. "कळलंय मला. जोगवाच म्हणायचा. म्या कुणाला बोलणार न्हाय." आणि तिनं डोळा मारला.

इतक्या वर्षांत ज्ञानेश्वरीला कुणी शिळं वाढलं होतं, कुणी कुरकुरत वाढलं होतं. पण जोगवा डोळा मारून कुणी वाढला नव्हता! "बाई, मी लाइटीची नाही," ती म्हणाली.

"समदे असंच म्हणतेत."

लाच परडीत घेणं शक्य नव्हतं. शेंगदाणे, ढेप, बरणी सगळं उंबऱ्यावर ठेवून ती निघाली. तोवर सोनालीच्या नवऱ्यानं फोन फिरवले होते. तिसऱ्या घराला कुलूप, आणि आतून खोकल्याचा आवाज. चौथ्या घराचा वीरप्पा दारातच हात जोडून उभा.

"ताई, आमी मागल्या म्हैन्यातच दिला की जोगवा! तुमच्या दुसऱ्या सायबाला!"

"अहो, तो जोगवा नव्हे, हा आईचा..."

"आईची आन, त्या सायबाला इचारा!"

पाचव्या घरातून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं. दारातला म्हातारा ओशाळून म्हणाला, "माय, सून बाळंत झालीया. सोयर फिटल्याबिगर देवीला कसं वाढावं?"

खरं होतं. ज्ञानेश्वरीनं बाळाला लांबूनच आशीर्वाद दिला आणि वळली. सूर्य टेकडीच्या डोक्यावर येऊन बसला होता. परडीत एकाच घरचं पीठ.

तंबूजवळ आली तर तिथं दरबार भरलेला. तिसऱ्या घराचा मालक गुरुसिद्धप्पा, कुलूप पुढं लावून मागच्या दारानं निघालेला, काखेत कोंबडा घेऊन रणधीरपुढं उभा होता.

"सायेब, सायकलीवर आलाव म्हंजे गाडीचा आवाज यिऊ नये म्हणून! लई डोकं!"

"आम्ही सोनारीपर्यंत जाणार," रणधीर छाती काढून म्हणाला.

"समदी लाइन?"

"सगळी! वाटेत दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा."

"आजचे टाकले?"

"इथं रेंज नाही."

गुरुसिद्धप्पानं आभाळाकडं बघून हात जोडले आणि कोंबडा पुढं केला. "मग सायेब, ह्यो ठिवा आन् मिटवून टाका."

सकाळपासून उपाशी रणधीरच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, बघ! मी मागितलं नाही हं! आपणहून दिला! खेड्यातल्या माणसाला सायकलवाल्याची कदर आहे!"

"रणधीर, जाकीट काढ."

ज्ञानेश्वरीनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणजे शेजारच्या माणसाला ऐकू येईल एवढा. मग गुरुसिद्धप्पाकडं वळून म्हणाली, "दादा, हा माझा धाकटा भाऊ. शाळेत भूगोल शिकवतो. लाइटीशी त्याचा संबंध बिल भरण्यापुरता. आणि मी जोगवा म्हणते तेव्हा जोगवाच म्हणते."

गुरुसिद्धप्पा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. "मास्तर हाव?"

"हो," रणधीर म्हणाला.

"निस्ते मास्तर?"

"हो."

गुरुसिद्धप्पानं कोंबडा परत काखेत घेतला. "ह्यो घरचाच हाय. फिरायला आणला हुता."

मग परडीकडं लक्ष गेलं तसा तो वरमला. "चुकी झाली, माय. आईच्या जोगव्याला आमी काय समजलो!" त्यानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली आणि वस्तीकडं वळून हाळी दिली, "आरं, दारं उघडा रं! मास्तर हाय निस्ता!"

दारं उघडली. सोनालीनं मूठभर पीठ वाढलं, ह्या वेळी खाली मान घालून. गुरुसिद्धप्पाच्या घरून मीठ-मिरची आली, वीरप्पाच्या घरून तेल. चार घरं झाली.

पाचवं नाही.

सूर्य अर्धा बुडाला होता. टेकडीपलीकडच्या गावात जाईस्तोवर दिवे लागले असते. ज्ञानेश्वरी बांधावर बसली, परडी मांडीवर घेतली. कुणाला बोलली नाही, पण तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचा नेम, आणि तुटायचा तो चेनच्या तीन तुकड्यांपायी! रणधीर तंबूचे खुंटे उगीच ठोकत राहिला.

काठी टेकत लक्ष्मीबाई सायकल बघायला आली आणि हात तंबूला लागला.

"ह्ये कुणाचं घर?"

"तंबू आहे, आजी. भावाचा."

"आत मानूस ऱ्हातो?"

"हो."

"दार हाय?"

"चेन आहे."

"मग झालं की! मानूस हाय, दार हाय. चूल तेवढी न्हाय. ती आमच्या सोनालीच्या घरात तरी कुठं येळेवर पेटती?"

सगळे हसले. ज्ञानेश्वरी मात्र उठून उभी राहिली. घर आपलं, असं जाहीर कुणी केलं होतं?

"रणधीर, आत जा. चेन लाव."

तिनं हेल्मेट काढलं, डोक्यावरून पदर घेतला आणि तंबूपुढं उभी राहिली. "आई राजा उदो उदो! जोगवा वाढा माय!"

"ताई, काही नाही माझ्याकडं!" आतून आवाज आला. "सगळं माकडांनी..."

"आईला दारातनं रिकामी धाडू न्हाय," लक्ष्मीबाई म्हणाली.

आत कागदाची खुसखुस. अखेर चेन चार बोटं सरकली आणि हात बाहेर आला. तळहातावर तुळजापूरचे दोन पेढे!

"पेढे?" ज्ञानेश्वरीनं विचारलं. "कुठं होते?"

"पंक्चरच्या डबीत. औषध म्हणून गं. साखर कमी झाली तर."

"तुझी साखर कमी कधी झाली होती?"

चेन बंद झाली.

ज्ञानेश्वरीनं पेढे परडीत घेतले, तंबूच्या चेनला हळदीकुंकू लावलं, आणि सूर्य टेकडीआड गेला. पाच घरं भरली! तेवढ्यात वस्तीत चटाचट दिवे लागले. आकडे परत आपापल्या जागी गेले होते. चोरीच्या उजेडात आईचा नैवेद्य कसा करावा? तिनं वस्तीकडं पाठ केली, तीन दगड मांडले आणि अंधारात भाकरी थापायला बसली.

पहिली भाकरी फुगली तशी चेन उघडली. रणधीर बाहेर आला. दोन्ही हातांत उलटं धरलेलं हेल्मेट.

"ताई, जोगवा वाढ."

"कुणाच्या दारात जायचं नव्हतं ना?"

"मी कुठं गेलो? माझ्याच दारात उभाय!"

तिनं हसून हेल्मेटात भाकरी घातली.

सकाळी टेकडीवर चढताच रेंज आली. रणधीरनं तंबूचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "दुसरा दिवस! कुणाच्या दारात गेलो नाही, कुणाकडं काही मागितलं नाही!" लागलीच निकिताचा मेसेज आला, नणंदेच्या मोबाइलवर. "वन्सं, तंबूच्या चेनला हळदीकुंकू कशापायी?"

रणधीरनं तो वाकून वाचला. मग आठवलं, आज शनिवार. ताईचं मौन! त्यानं हुश्श केलं आणि सायकलवर टांग टाकली.

ज्ञानेश्वरी झाडाखाली थांबली. मौनात बोलायचं नसतं. टाइप करायचं नाही, असं सासूबाईंनी कुठं सांगितलं नव्हतं. तिनं चष्मा लावला आणि एका बोटानं एकच शब्द लिहिला.

"पेढे."