संगणकाचं औषध संगणकात

एका जंगलात भांडण ऐन रंगात आलं होतं. सुरुवातीपासून सांगा म्हणू नका, बाळांनो. तुम्ही उशिरा आलात.

"आजी, टिपून ठेवलं होतंत ना? मग काढा ते टिपण!" कोल्हा ओरडत होता.

"ठेवलं होतं म्हणजे काय! चांगलं मुद्देसूद लिहिलंय," साळिंदरआजी म्हणाली. तिचे काटे ताठ उभे होते.

"कुठे लिहिलंय?"

"संगणकात."

सगळे संगणकाकडे बघू लागले. पडदा काळाठिक्कर होता.

जंगलाच्या त्या एकुलत्या एक संगणकात पाणवठ्याच्या पाळ्या असत. वाघानं कधी प्यायचं, हरणांनी कधी प्यायचं. सकाळी आजीनं त्यात लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीची, नवी आवृत्ती चढवली आणि पडदा गेला. लिनक्स ती कुणाच्या शिकवणीला न जाता शिकली होती. काही अडलं की स्वतः झगडायची, सुटलं की टिपून ठेवायची. हा काळा पडदाही तिनं मागे एकदा सोडवला होता. टिपणाचं नाव होतं, 'संगणक सुरूच न झाल्यास'.

हसू नका. हरणांच्या घशाला कोरड पडली होती.

"सगळं पुसतो आणि नवं बसवतो," कोल्हा म्हणाला.

"आणि पाळ्या रे?"

"त्याही जातील."

"जाऊ द्या की," वाघ गोड आवाजात म्हणाला. "मी काय, कधीही येईन."

हरणी रडायलाच लागली.

"हात लावून तर बघ, मेल्या!" आजीनं कोल्ह्याला बाजूला ढकललं. "लिहिलं याच हातानं. आता हातालाच विचारते."

तिनं संगणक पुन्हा चालू केला आणि शिफ्टची कळ दाबून धरली. नव्या-जुन्या आवृत्त्यांची यादी आली. तिनं त्यातली जुनी आवृत्ती निवडली. पडदा उजळला. पाळी हरणांचीच होती! हरणं पाण्याकडे धावली. वाघ जांभई देत झोपायला गेला.

आजीनं लगेच ते टिपण उघडलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

"अहो, पुन्हा त्यातच?" कोल्हा किंचाळला. "बाहेर लिहा! झाडावर लिहा, दगडावर लिहा!"

तात्पर्य: ते आजीनंच सांगितलं, आणि भांडण तिथेच मिटलं. "किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप घालणाऱ्या बाईला हसू नये रे, तेवढ्यामुळेच तर तिला किल्लीवाचून कुलूप उघडता येतं!"